हळद हळदीसारखी दिसावी म्हणून: कॅनन ईओएस १५००डीचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात पिकणाऱ्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या हळदीची पावडर, सोबत तिखट, सांडगे, कुरड्या आणि लिंबाचे लोणचे असा माल आमचा बचत गट विकतो आणि त्या मालाचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आहे. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये, पाऊचवरच्या लेबलवर, प्रदर्शनातील स्टॉलच्या फ्लेक्सवर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर असे चार ठिकाणी लागतात. त्यासाठी गटाने कॅनन ईओएस १५००डी हा कॅमेरा, त्याच्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्ससह घेतला आणि पुढे त्याला ५० मिलिमीटरची एक लेन्स जोडली. कॅमेरा २०१८ मधला आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने जुनाच. तरीही खेड्यातल्या लहान उद्योगाने त्याच्यावर पैसे घालावेत की नाही, याविषयी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याच्यासोबत काढल्यानंतर माझी काही ठाम मते झाली आहेत.

पहिला प्रश्न साहजिकच असा येतो की, प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला. तिखटाचा किंवा कुरड्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकायचा असेल तर मोबाईल पुरेसा आहे आणि केवळ तेवढ्यासाठी कॅमेरा घेण्याची गरज नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. अडचण येते ती दोन ठिकाणी. मोबाईलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. त्यामुळे लोणच्याची बरणी जवळून टिपली की तिचे तोंड मोठे आणि बूड निमुळते दिसते, आणि पाऊचच्या सरळ कडा बाहेर फाकतात. दुसरी अडचण रंगाची आहे. मोबाईल प्रत्येक फोटोवर स्वतःच्या मनाने संस्कार करतो, रंग भडक करतो, सावल्या उजळतो, आणि हे सगळे त्याने किती केले ते आपल्याला कळत नाही. आमच्या हळदीचा मोबाईलवरचा फोटो पाहून गटातील एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या होत्या, "हे तं हळदीत गुलाल मिसळल्यावानी दिसून रायलं." ग्राहकाने पाऊच उघडल्यावर नेमकी हीच शंका उलट्या बाजूने यायची: फोटोतली हळद केशरी आणि हातातली पिवळी, म्हणजे माल बदलला की काय? मसाल्याच्या धंद्यात ही शंका परवडत नाही, कारण हळदीत रंग मिसळण्याच्या गोष्टी ग्राहकाने आधीच ऐकलेल्या असतात.

१५००डी हा डीएसएलआर जातीचा, म्हणजे आतमध्ये आरसा असलेला कॅमेरा आहे. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, एपीएस-सी नावाच्या आकाराचा, २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे आणि त्यातून २४.१ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. फोकसचे बिंदू फक्त नऊ आहेत आणि सेकंदाला जेमतेम तीन फोटो निघतात. धावत्या बैलजोडीचा किंवा शंकरपटाचा फोटो काढायचा असेल तर हे आकडे तोकडे पडतील, पण हळदीचे पाऊच जागचे हलत नाही. बॅटरी आणि कार्ड धरून कॅमेऱ्याचे वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर आहे आणि आरशातून पाहून फोटो काढल्यास कंपनीच्या चाचणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये सुमारे ५०० फोटो निघतात. लाईन गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या गावात ही गोष्ट कागदावर दिसते त्यापेक्षा मोलाची आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्यावरून दुकानदार फार घोळ घालतात, म्हणून त्याचा हिशेब एकदा नीट मांडावा लागतो. पाऊचवरचे लेबल चार बाय सहा इंचांचे असेल आणि छपाई इंचाला ३०० ठिपक्यांची असेल, तर लागणारा फोटो १२०० बाय १८०० पिक्सेलचा, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलचाही नाही. स्टॉलमागे लावायचा सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स, जो लोक काही फुटांवरून पाहतात, तो इंचाला ७२ ठिपक्यांनी छापला तर ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल लागतात. हा आकडा म्हणजे जवळजवळ १८ मेगापिक्सेल, आणि गंमत अशी की, याच कंपनीच्या ३०००डी या आणखी स्वस्त कॅमेऱ्याचा पूर्ण फोटो नेमका एवढ्याच मापाचा असतो. याचा अर्थ आमच्या सर्वांत मोठ्या कामालाही १८ मेगापिक्सेल पुरतात, आणि त्यापुढे मेगापिक्सेलसाठी एक रुपयाही जास्त मोजण्याचे कारण उरत नाही. खरा फरक फोटो पाठवताना पडतो. छापखान्याला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि २४ मेगापिक्सेल वाटेतच गळून जातात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तरच मूळ फाईल पलीकडे पोहोचते.

आता हळदीच्या रंगाकडे येतो, कारण हा कॅमेरा घेण्यामागचे मुख्य कारण तेच होते. डिजिटल फोटो लाल, हिरवा आणि निळा या तीन वाहिन्यांतून तयार होतो. हळदीच्या पिवळ्या रंगात लाल भरपूर, हिरवा बराच आणि निळा जवळजवळ नसतो. परिणामी उजेड थोडा जास्त झाला की लाल वाहिनी सगळ्यात आधी भरून वाहते. मग पावडरीच्या ढिगाऱ्यातले कण, लहान गुठळ्या, चमच्याने पाडलेली रेघ हे सगळे नाहीसे होऊन तिथे एकसारखा सपाट पिवळा डाग उरतो. फसवणारी बाब अशी की, फोटोतला गडद भाग डावीकडे आणि उजळ भाग उजवीकडे दाखवणारा कॅमेऱ्याचा साधा उजेड-आलेख या वेळी अगदी व्यवस्थित दिसतो, कारण तो तिन्ही वाहिन्या एकत्र करून दाखवतो. १५००डीमध्ये काढलेला फोटो पाहताना तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख उघडता येतात. त्यातला लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन-तृतीयांश टप्प्याने खाली आणायचे आणि पुन्हा फोटो काढायचा. एवढ्या एका सवयीने आमच्या हळदीच्या फोटोत कण दिसू लागले. मोबाईलमध्ये ही सोय सहसा मिळत नाही, आणि मिळाली तरी मोबाईल नंतर रंगाशी काय करतो ते आपल्या हातात राहत नाही.

रंगछटेसाठी या कॅमेऱ्यात दोन उपयुक्त सोयी आहेत. एक म्हणजे पांढऱ्या रंगाचा तोल स्वतः ठरवण्याची. ज्या उजेडात फोटो काढायचा आहे त्याच उजेडात पांढऱ्या किंवा त्याहून चांगले म्हणजे राखाडी कार्डाचा फोटो घ्यायचा, मेनूत जाऊन तो 'कस्टम व्हाइट बॅलन्स' म्हणून निवडायचा, आणि मग संपूर्ण सत्र त्याच मापावर काढायचे. दुसरी सोय 'पिक्चर स्टाइल'ची आहे. कॅमेरा मुळात 'ऑटो'वर येतो आणि त्यात रंग चढवलेले असतात. 'फेथफुल' ही शैली ५२०० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या प्रकाशात वस्तूचा रंग मोजमापाने जुळावा अशी बांधलेली आहे. स्क्रीनवर हा फोटो पहिल्या नजरेला थोडा फिका वाटतो, पण छापून आलेले लेबल आणि पाऊचमधील हळद शेजारी ठेवली की फिकेपणा कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे एक गोष्ट ओघात सांगतो: हळदीतील कर्क्युमिन उन्हात फिके पडते, त्यामुळे फोटोसाठी काढलेली वाटी खिडकीत तासन्‌तास ठेवू नये आणि प्रत्येक सत्राला ताजी पावडर घ्यावी. ऊन खाल्लेल्या हळदीचा रंग कोणताही कॅमेरा परत आणून देत नाही.

पांढऱ्या पार्श्वभूमीची अट मात्र कटकटीची आहे. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि ग्राहकाला फोटो मोठा करून पाहता यावा यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेलची असावी लागते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मात्र समोर जे असेल त्याला मधल्या राखाडी छटेवर आणू पाहतो, त्यामुळे पांढरा कागद मळकट दिसतो. तो पांढरा करण्यासाठी उजेड वाढवला तर वाटीतील हळद पुन्हा सपाट होते. म्हणजे एकाच फोटोत पार्श्वभूमी वर आणि हळद खाली अशी ओढाताण होते. यावर मला पटलेला मार्ग असा की, कागद वस्तूपासून दीड-दोन हात मागे न्यावा आणि त्याच्यावर वेगळा उजेड टाकावा. ते जमत नसेल तर रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेला कच्चा फोटो, काढून कंपनीच्या फुकट मिळणाऱ्या 'डिजिटल फोटो प्रोफेशनल' या सॉफ्टवेअरमध्ये नंतर तोल साधावा. यासाठी संगणक लागतो, हे खर्चात धरावे. कॅटलॉगच्या बाकीच्या फोटोंना पांढऱ्याची सक्ती नसते, आणि तिथे काळ्या पाट्यावर किंवा पितळी ताटात ठेवलेली हळद कितीतरी अधिक उठून दिसते.

उजेडाबद्दल बोलताना कॅमेऱ्याची स्तुती थोडी आवरती घ्यावी लागते, कारण निम्मे काम उजेडच करतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या किंवा ऊन थेट न पडणाऱ्या खिडकीपाशी टेबल लावून, खिडकीवर मांजरपाटाचे पांढरे कापड ताणून आणि समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करून जो मऊ उजेड मिळतो, तो विकतच्या दिव्यांच्या तोडीचा असतो आणि विजेवर अवलंबून नसतो. मात्र खोलीतली ट्यूब किंवा बल्ब या वेळी बंदच असावा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळसर असा दुहेरी उजेड पडला की कोणताही व्हाइट बॅलन्स तो सावरू शकत नाही. हिरव्या शेडनेटखाली किंवा निळ्या ताडपत्रीच्या सावलीत फोटो काढणे तर टाळावेच, कारण पांढऱ्या कुरडईवर तो रंग लगेच चढतो. दिव्याखालीच काम करायचे असेल तर रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, ज्याला सीआरआय म्हणतात, तो ९०च्या वर असलेला एलईडी पॅनेल घ्यावा. साध्या स्वस्त एलईडी बल्बमध्ये लाल रंग अपुरा असतो आणि त्याखाली भिवापुरी मिरचीचे लालभडक तिखटही विटकरी दिसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. अशा वेळी शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदावर ठेवले तर फोटोतले आडवे काळे पट्टे जातात.

लेन्सच्या बाबतीत बाजारात एक समज पक्का बसलेला आहे: सोबत येणारी १८-५५ फेकून द्यावी आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्यावी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि फोटोत स्पष्ट दिसणारी खोली कमी). हा समज लग्नाच्या फोटोग्राफरांकडून आलेला आहे आणि वस्तूंच्या फोटोला तो पूर्णपणे लागू होत नाही. ५०ची लेन्स साडेतीन डेसिमीटरच्या, म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही आणि तिचे सर्वाधिक विस्तारण ०.२१ पट आहे. १८-५५ मात्र २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि ०.३४ पट विस्तारण देते. हिशेबात सांगायचे तर ५०च्या लेन्सने जवळात जवळचा फोटो काढला तरी चौकटीत साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंदीचा भाग येतो, आणि १८-५५ने तो साडेसहा सेंटिमीटरवर येतो. मिरचीचे बी, सांडग्याचा खडबडीत पृष्ठभाग, हळकुंडाची मोडलेली केशरी कड दाखवायची असेल तर फुकटातली लेन्सच सरस ठरते. ५०चा फायदा वेगळा आहे. या सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी, म्हणजे अरुंद कोनाची आणि दुरून टिपणारी, वागते, त्यामुळे बरणी आणि पाऊच यांच्या कडा सरळ राहतात आणि गटातील बाई हातात सूप घेऊन उभ्या असतील तर त्यांचा फोटो फार सुरेख येतो. मात्र एफ/१.८ वर पाऊच टिपू नये. नावातली पहिली दोन अक्षरे स्पष्ट आणि उरलेली पुसट, असा फोटो कॅटलॉगमध्ये कामाचा नाही. वस्तूसाठी एफ/८ ते एफ/११ हीच योग्य जागा आहे.

एफ/११ ठेवले आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १०० ठेवले की शटर पाव सेकंदापर्यंत किंवा त्याहून मंद होते, आणि येथे ट्रायपॉड अनिवार्य ठरतो. कॅमेऱ्यासोबत 'फ्री' म्हणून दिला जाणारा हलका ट्रायपॉड पंखा चालू असला तरी थरथरतो. त्याच्या मधल्या दांड्याला विटेची पिशवी लटकवून काम भागवता येते, पण दीड-दोन हजार रुपये घालून बऱ्या पायांचा घेणे अधिक शहाणपणाचे आहे. बटण दाबताना होणारा हादरा टाळण्यासाठी कॅमेऱ्यात दोन सेकंदांचा टायमर आहे, त्यामुळे रिमोट घेण्याची गरज नाही. वस्तूंचे फोटो असे स्टँडवरून, मंद शटरने काढले जातात म्हणूनच अंधारात चांगले फोटो देणाऱ्या महागड्या सेन्सरसाठी आपण पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

चकचकीत पाऊचवरची चमक हा आमच्याकडचा नेहमीचा वाद आहे. लेबलवरची चमक पोलरायझर फिल्टरने, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या आणि परावर्तित चमक अडवणाऱ्या काचेने, बरीच कमी होते. १८-५५ला ५८ मिलिमीटरचा आणि ५०च्या लेन्सला ४९ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. पण चंदेरी पाऊच, स्टीलचा डबा किंवा भंडाऱ्याचे पितळी भांडे यांच्यावरची चमक पोलरायझर घालवत नाही, कारण धातूवरून परत येणारा प्रकाश त्या पद्धतीने अडत नाही. तिथे दिव्याची जागाच बदलावी लागते किंवा पाऊचसमोर पांढरा कागद धरून त्यात कागदच उमटू द्यावा लागतो. त्यामुळे ज्यांचा माल धातूचा आहे त्यांनी पोलरायझरवर पैसे घालू नयेत.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्या किरकोळ नाहीत. मागचा स्क्रीन पक्का बसवलेला आहे, तो वळत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही. खाटेवर वाळत घातलेले सांडगे खालच्या कोनातून टिपायचे तर माणसाला अंगणात पोटावर झोपावे लागते. यावर उपाय आहे: कॅमेऱ्यात वाय-फाय असून 'कॅमेरा कनेक्ट' या अ‍ॅपने समोरचे दृश्य मोबाईलवर पाहून तिथूनच बटण दाबता येते, पण जोडणी होईपर्यंत ढग येऊन जातो. स्क्रीनवर पाहून फोटो काढताना फोकस रेंगाळतो. व्हिडिओच्या बाबतीत तर हा कॅमेरा निराशाजनक आहे. फुल एचडीपलीकडे तो जात नाही, चालू व्हिडिओत फोकस आपणहून वस्तूचा पाठलाग करत नाही, आणि बाहेरचा माईक लावायला छिद्रच नाही. रील आणि छोटे व्हिडिओ हे ज्यांच्या विक्रीचे मुख्य साधन आहे त्यांनी १५००डी घेऊ नये, इतक्या स्पष्ट शब्दांत हे सांगावेसे वाटते.

चौथी उणीव दुकानदार सहसा सांगत नाही. फ्लॅश बसवण्याच्या खाचेतील मधला संपर्कबिंदू कंपनीने या मॉडेलमध्ये वगळला आहे, त्यामुळे इतर कंपन्यांचे स्वस्त फ्लॅश आणि वायरलेस ट्रिगर त्यावर उडत नाहीत. पुढे स्टुडिओचे दिवे घेण्याचा विचार असेल तर आपला ट्रिगर दुकानातच लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाचवी उणीव आमच्यासारख्यांना विशेष जाचते: सेन्सरवरची धूळ आपोआप झटकण्याची यंत्रणा यात नाही. दळण कांडपाच्या खोलीत हळदीची भुकटी हवेत तरंगत असते, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास सरकीची लव उडते, आणि अशा जागी लेन्स बदलली की एफ/११ वरच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर लहान करडे ठिपके दिसू लागतात. लेन्स घरात, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून बदलावी आणि रबरी फुगा जवळ बाळगावा. तोंडाने फुंकर मारणे कटाक्षाने टाळावे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत कॅमेरा शून्य ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वापरावा असे लिहिलेले आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. टिनाच्या छताखालची खोली किंवा उन्हात उभी असलेली गाडी ही कॅमेरा ठेवण्याची जागा नव्हे. उन्हाळ्यातली सगळी कामे सकाळी उरकणे हेच बरे, आणि उजेडही तेव्हाच चांगला असतो. पावसाळ्यात धोका बुरशीचा. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी एकदा धरली की ती साफ करण्याचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीजवळ जातो. कापडी बॅगेत महिनोन्‌महिने कॅमेरा गुंडाळून ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या ओलसर झाल्या की वाळवून पुन्हा वापरता येतात.

पर्यायांचा विचार केला तर ३०००डी हा स्वस्त भाऊ आहे, पण त्याची लेन्स बसवण्याची कडी प्लास्टिकची आहे आणि वाचणारी रक्कम त्या मानाने फार नाही. निकॉनचा डी३५०० एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो देणारा गुणी कॅमेरा होता, मात्र तो आता नवा मिळण्याजोगा राहिलेला नाही. नव्यातच आरसा नसलेला कॅमेरा हवा असेल तर कॅननचाच २०२३ मधला आर१०० आहे. तो वजनाला हलका आहे, त्याचा फोकस चपळ आहे आणि त्याला माईकही लागतो, पण त्याचाही स्क्रीन वळत नाही आणि लेन्स आरएफ जातीच्या, म्हणजे जुन्या बाजारात अजून कमी मिळणाऱ्या आणि महाग आहेत. वळणारा स्क्रीन आणि व्हिडिओ हवा असणाऱ्यांनी निकॉन झेड३० किंवा कॅनन आर५० पाहावा, फक्त तिथे खर्चाची पायरी बरीच वर जाते.

माझी स्वतःची पसंती मात्र कॅननच्या २०१७ मधल्या २००डीला आहे, आणि तोही जुन्या बाजारातून. त्यात वळणारा आणि स्पर्श कळणारा स्क्रीन आहे, स्क्रीनवर पाहतानाही फोकस झटकन बसतो आणि माईक लावण्याची सोय आहे. १५००डीच्या सगळ्या लेन्स त्याला चालतात. नीट जपलेला २००डी मिळाला तर तो नव्या १५००डीपेक्षा स्वस्तात पडून कामाला जास्त येतो. तसा न मिळाल्यास आणि वॉरंटीची निश्चिंती हवी असल्यास नवा १५००डी घ्यावा. वर्षातून एकदाच, दिवाळीच्या तोंडावर, आठ-दहा वस्तूंचे फोटो लागणार असतील तर दोन्ही घेऊ नयेत. लग्नसराई आटोपल्यावर आषाढ-श्रावणात तालुक्याच्या गावचे फोटोग्राफर रिकामे असतात आणि ते वाजवी पैशांत दिवसभराचे काम करून देतात. हळदीचा लाल आलेख तेवढा त्यांना आपण दाखवावा.

खरेदीसाठी आम्ही नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात गेलो. लेन्ससह नवा १५००डी साधारण चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात पडतो आणि सणाच्या सुमारास भाव खालीवर होतात. एका दुकानात आम्हाला बिलाशिवाय चार हजार कमी सांगण्यात आले. असा माल बहुधा परदेशातून परस्पर आलेला असतो आणि भारतातील वॉरंटी त्याला लागू होत नाही, शिवाय बिल नसले की गटाच्या हिशेबात तो खर्च दाखवायचा कसा, हा प्रश्न उरतोच. डिजिटल कॅमेऱ्यावर जानेवारी २०१९ पासून २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. ज्या उद्योगाची नियमित पद्धतीची नोंदणी आहे आणि जो करपात्र माल विकतो, त्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतला तर हा कर पुढच्या भरण्यात वळता होऊ शकतो, म्हणजे ते चार हजार बिलामुळेच परत येतात आणि वर काही उरतेही; कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला मात्र ही सवलत मिळत नाही.

जुना कॅमेरा घेताना दिवसाउजेडी घ्यावा. लेन्स काढून तिच्यातून आकाशाकडे पाहावे, बुरशीचे धागे असतील तर लगेच दिसतात. एफ/२२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो मोठा करून ठिपके मोजावेत. बॅटरी पूर्ण भरून घेऊन अर्धा तास कॅमेरा चालू ठेवावा, आतील फ्लॅश उडवून पाहावा, कार्डाचे आणि बॅटरीचे झाकण घट्ट बसते का हे तपासावे, आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा क्रमांक मूळ बिलावरच्या क्रमांकाशी जुळवूनच पैसे मोजावेत. सोबत घरून हळदीची एक वाटी नेली तर फारच उत्तम: दुकानदार हसेल, पण लाल आलेख तिथेच पाहून घेता येतो.